जड हाताचं मीठ

भिकुबाईचा हात जड, हे गिरणेकाठच्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तसा हात म्हणावा तर काडीसारखा. पण बाळंतिणीच्या घरी तिला तेलाच्या वाटीला शिवू देत नसत. शेजारीपाजारी विरजण लावायला कुणी बोलावत नसे. आणि खुद्द तिच्या घरात चूल तिनं फुंकायची, पीठ तिनं मळायचं, भाकरी तिनं थापायच्या, पण वरणात मीठ टाकायची वेळ आली की सासू झुंबरबाई ओट्यावरून उठून आत येई. मिठाचं मडकं सासूच्या ताब्यात. "तुना हात जड शे," एवढंच ती म्हणे. रागानं नाही. रागानं म्हटली असती तर निदान उलटून बोलता तरी आलं असतं.

हा जडपणा सात वर्षांचा. त्या सुमाराला पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणारी छोटी गाडी नवी नवी सुरू झाली होती आणि भिकुबाईला सुपडू झाला होता. आधीची दोन लेकरं महिना न भरता गेलेली, म्हणून हा जन्मला तसा त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवला. मरणाला वाटावं, केराबरोबर टाकलेली चीज आहे, नेऊन काय करायची? मरण इतकं बावळट नसतं. आई मात्र असते, आणि असावीच लागते.

सुपडू बसायला लागला तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती. अंगावरचं पोर घेऊन बाईनं वावरात जायचं आणि पोर रडत राहिलं तर वेचायचं कसं? म्हणून त्या काळी घरोघर कोनाड्यात एक पितळेची डबी असे आणि तिच्यात पाचोऱ्याच्या ठेक्यावरून आणलेली अफू. मोहरीएवढी गुळात घोळून चाटवली की पोर दुपारभर झोळीत निजून राही. सगळ्याच बाया देत. आज ऐकून जे नाकं मुरडतात, त्यांच्या आज्याही देत असत.

फक्त तिचं नाव घ्यायचं नाही. पोराच्या कानावर नाव पडलं की त्याला जन्माची चट लागते, असा समज. झुंबरबाईच्या घरात अफूला 'गुन' म्हणत, आणि ती चाटवून झाली की 'गुन उना', म्हणजे आला. आता औषध लागू पडलं, आराम वाटला, तरी त्यालाही आपण गुण आला असंच म्हणतो. शब्द एक आणि कामं दोन. पण घरच्या घरात एवढा विचार कोण करतो? ज्याला त्याला वाटतं, समोरच्याला कळलं.

त्या दिवशी भिकुबाईनं सुपडूला मोहरीएवढीच दिली होती. दात येत होते म्हणून तो किरकिरत होता. बांधावरच्या निंबाला झोळी बांधली, झोळीखाली नुकतंच आणलेलं कुत्र्याचं काबरं पिल्लू बसवलं आणि ती ओळीत शिरली. पोर थोडा वेळ रडलं. सासू पलीकडच्या अंगानं निंबाजवळून गेली, जाताना तिनं ओरडून काहीतरी विचारलं, भिकुबाईनं कापसातून मान न काढता काहीतरी उत्तर दिलं. मग पोर गप झालं. किती बरं वाटलं तिला! ओटी भरभरून कापूस वेचला. दिवस कलला, पान्हा दाटला, तेव्हा ती झोळीपाशी गेली. झोळीबाहेर लोंबणारा सुपडूचा हात ते पिल्लू चाटत होतं, आणि हात गार होता.

"मी मोहरीइतलंच दिनं, माय! मोहरीइतलंच!" असं ती रात्रभर ऊर बडवत होती. झुंबरबाईनं तेव्हा एकदाच विचारलं, "तू देयेल व्हतं?" आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुना हात जड पडना, पोरी." बायांनी ते ऐकलं. बोलणाऱ्याचं तोंड एकवेळ धरता येतं, ऐकणाऱ्याचे कान कोण धरणार? खापर फुटायला माथा हवा होता, तो मिळाला. त्यानंतर भिकुबाईची कूस उजवली नाही, तेही त्या हाताच्याच खात्यावर गेलं. आणि खरं सांगायचं तर हळूहळू तिलाही ते पटलं. स्वतःच्या हाताकडे ती दुसऱ्याचा हात असावा तसं बघायची.

राहिला तो काबऱ्या. पिल्लाचा कुत्रा झाला, कुत्र्याचा घरचा माणूस झाला. भिकुबाई वावरात गेली की तो त्या निंबाखाली जाऊन बसे, झोळी नसली तरी. कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटे, सुपडूचा हात शेवटी ज्यानं चाटला तो हा एकच जीव. त्याच्या पाठीवर मात्र तिचा हात कधी जड झाला नाही.

तर त्या वर्षीच्या वेचणीत, सकाळी, तिचा नवरा कौतिक कापसाची गाडी भरून पाचोऱ्याच्या सरकी काढायच्या जिनावर निघाला. काबऱ्या नेहमीसारखा गाडीखालून, सावली धरून. गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं गाडी आपणच ओढतो, असं लोक हसण्यावारी म्हणतात. काबऱ्याला तसं वाटत असेलही. गावाबाहेरच्या नाल्यात चाकोरी खोल होती, चाक घसरलं, आणि ओझ्यानं भरलेली गाडी त्याच्या मागच्या पायावरून गेली.

कौतिकनं त्याला धोतरात गुंडाळून घरी आणलं तेव्हा त्याचा आवाज कुत्र्याचा राहिलेला नव्हता. पाय गुडघ्याखाली चेचला होता, हाड कातड्यातून बाहेर दिसत होतं. ओट्यावर ठेवताना त्यानं कौतिकच्याच मनगटाचा चावा घेतला.

"घाली देऊ का एक घाव?" कौतिक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याला पुसताही येत नव्हतं, हात रक्तानं भरलेले. "हाई आयकवत नही माले."

बैलांची हाडं बसवणारा लोटन आबा मागोमाग आला होता. त्यानं लांबूनच पाहिलं. "पाय जाई, जीव नही जाई," तो म्हणाला. "कामट्या बांधसू. पन आसा चावाले उठस तवपावत माले हात लावता येवाव नही. पहिले जरासं निजाड त्याले. तुमना घरमा डबी शे ना? ज्वारीना दानाइतलं, गूळमा. आनी ऐक, एकदाव दिनं का बस. कितला बी वरडो, दुसरं देवानं नही. रगत भलतं गयेल शे त्यानं. अति तठे माती." दुसऱ्या आळीत एक बैल बघायचा होता, तो उरकून, उन्हं कलायच्या आत येतो, तोवर बांबूच्या कामट्या आणून ठेवा, असं सांगून तो गेला.

कौतिकला थांबून चालणार नव्हतं, नाल्यात भरली गाडी आणि बैल उभे. निघता निघता तो बायकोला म्हणाला, "माय वावरमा शे. जाता जाता मी तिले सांगस. ती ई आनी देई. तू नको हात लावू." दोन पावलं गेला, वळला. "तसं नही वं... तू समज." तिला समजलंच होतं. सात वर्षं दुसरं काय समजत होती?

मग घरात ती आणि काबऱ्या दोघंच राहिले.

वावर काही जवळ नव्हतं. तिनं कुत्र्याच्या तोंडाशी पाणी धरलं, त्यानं वाटी उडवली. हळद घेऊन जवळ गेली, तर दात दाखवले. आणि ते ओरडणं! मध्येच थांबे, वाटे गेला बहुतेक, की पुन्हा पोटातून सूर निघे. शेजारची प्रमिलाबाई कानात बोटं घालून दार लावून बसली. भिकुबाईनं कानात बोटं घातली नाहीत. तिला त्या आवाजात सुपडूचं किरकिरणं ऐकू यायला लागलं, आणि ते कानात बोटं घातल्यानं थांबणारं नव्हतं.

डबी कोनाड्यात होती. झुंबरबाई गुडघेदुखीला अधूनमधून घेई म्हणून घरात अजून अफू होती. सात वर्षांत भिकुबाईनं त्या कोनाड्याखाली सारवतानासुद्धा मान वर केली नव्हती.

तिला भीती काबऱ्याच्या मरणाची होती, पण नुसती तेवढीच नव्हती. हा जर तिच्या हातानं मेला असता, तर गाव म्हणत होतं ते खरं ठरलं असतं. आजवर रात्री कधीतरी एखादा क्षण यायचा, तेव्हा ती मनाशी म्हणायची, नाही, मोहरीएवढीच होती, हाताचा दोष नाही. काबऱ्या गेला तर तो क्षणही गेला. आणि न द्यावी, सासूची वाट बघावी, तर हे जनावर डोळ्यांदेखत तडफडणार. त्यानं काय केलं होतं? झोळी राखली होती.

ती उठली. ज्वारीचा दाणा खरोखरच आणला, बाजूला ठेवला आणि त्याच्याशी ताडून गोळी केली. मोठी वाटली, चिमूट काढली. लहान वाटली, तरी राहू दिली. गुळात घोळताना गूळ दोनदा खाली पडला. काबऱ्यासमोर बसून तिनं तळहात पुढे केला. "खाय रे राजा," ती म्हणाली. "मनाकडथून खाय."

धन्याला चावणाऱ्या त्या कुत्र्यानं तिचा तळहात चाटून घेतला.

गुण काही लगेच येत नसतो. काबऱ्या विव्हळतच राहिला, फक्त सूर जरा खाली आला, की तिलाच तसा भास झाला? ती देवाला, सुपडूला, कुणाकुणाला विनवत बसली. तेवढ्यात कामट्यांची आठवण झाली. लोटन आबा यायच्या आत मगन बुरडाकडून त्या आणायला हव्या होत्या. ती पदर खोचून बाहेर पडते, तोच अंगणात झुंबरबाई आली. डोक्यावर कापसाचं गाठोडं, चालून चालून धाप लागलेली. मुलानं सांगितलं तशी तिच्या मानानं ती धावतच आली होती.

"काय वं," म्हातारीनं गाठोड्याखालूनच विचारलं, "गुन उना का?"

भिकुबाईनं मागे पाहिलं. काबऱ्या अजून कण्हत होता. "नही अजून," ती म्हणाली. आपण हात लावला हे आता सांगायचं नाही, तिनं मनाशी ठरवलं होतं. आराम पडू दे, डोळा लागू दे, मग सांगू. मग सासूला हाताला धरून ओट्यावर नेऊ आणि म्हणू, बघा! सात वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी मिरवायचं होतं. बिचारीचा तेवढाच गुन्हा.

बुरडाकडे कामट्या तयार नव्हत्या. त्यानं बसवून ठेवलं, बांबू फोडला, तासला. ती परत आली तेव्हा अंगणातूनच तिला कळलं की घर शांत आहे. ओट्यावर काबऱ्या एका अंगावर पडला होता, जीभ जराशी बाहेर. श्वास चालू होता, चेहऱ्यावरचा ताण गेला होता. झुंबरबाई खांबाला टेकून वाती वळत बसली होती.

भिकुबाई त्याच्यापाशी बसली आणि तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. उचललाच नाही. हसत होती की रडत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हाच तो हात, तिला वाटलं, ह्याच हातानं दिलं आणि ह्याला आराम पडला. तिनं सासूकडे बघितलं, सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात लोटन आबा आला.

"ब्येस," तो म्हणाला. "आते कर ऊन पानी."

हाड आत ढकललं तरी काबऱ्या हलला नाही. जखम धुतली, हळद भरली, चारी बाजूंनी कामट्या लावून चिंध्या आवळल्या, तरी कानसुद्धा हलला नाही. आधी लोटन आबा खूष होता, मग त्याचा हात मंदावला. त्यानं कुत्र्याची पापणी वर केली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली. छातीवर कान ठेवला. एक श्वास आला. दुसऱ्याला फार उशीर झाला.

"कितलं दिनं?" त्यानं विचारलं.

"ज्वारीना दानाइतलं, आबा," भिकुबाई म्हणाली. "दानाले लाईसन पाह्यं मी. त्यानाथून बी कमी."

"ज्वारीइतलानी आसं व्हत नही."

झुंबरबाई वाती टाकून उठून उभी राहिली. "तू देयेल व्हतं?" ती म्हणाली.

ते शब्द. त्याच आवाजात. भिकुबाईनं मान वर केली.

"मी बी दिनं," म्हातारी म्हणाली, आणि मग घाईघाईनं, कुणी न विचारता, बोलतच सुटली. "कौतिकनी सांगं व्हतं माले. दांडगं जनावर, ज्वारीनी त्याले काय व्हई? बोरनी बीइतलं दिनं मी. मी काय जानू! तुले इचारं ना मी, गुन उना का? तू नही म्हने. मी समजनू देयेल नही. तव्हयबी तू नहीच म्हनेल व्हतं..."

आणि ती थांबली. पण बाण सुटला होता.

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. लोटन आबा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला, आणि मग त्यानं नजर आपल्या पायांकडे वळवली. गावातला जुना माणूस, त्याला 'तव्हय' म्हणजे कधी हे सांगावं लागलं नाही.

भिकुबाईला निंब दिसला. झोळी दिसली. कापसाच्या ओळीत वाकलेली आपली पाठ दिसली, आणि निंबापासून आलेली हाक, सात वर्षं जी नुसतं 'काहीतरी' होती, ती आता शब्दन् शब्द ऐकू आली: गुन उना का? आणि तिचं स्वतःचं उत्तर: नही. पोर अजून रडतंय, गुण आलेला नाही, असं तिला म्हणायचं होतं. मग पोर गप झालं होतं आणि तिला किती बरं वाटलं होतं.

"माय," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तुले तव्हयपाईन ठाऊक शे?"

पदर तोंडात कोंबून झुंबरबाई भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली बसली, अगदी त्या रात्री बसली होती तशी. तिला तेव्हाच कळलं होतं. दोघींचे हात लागले हे तिला त्या एका रात्रीत कळलं होतं, आणि दोघींपैकी एकच हात तिनं गावाच्या ताब्यात दिला होता. पुढं मिठाचं मडकं सांभाळत बसली. भिकुबाईला त्या क्षणी तिचा गळा धरावासा वाटला, हे लपवण्यात काही अर्थ नाही. पण मांडीवर काबऱ्याचं डोकं होतं, आणि तो अजून होता.

लोटन आबानं होतं नव्हतं ते केलं. गार पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला, कॉफीचं पाणी कुणाच्या घरी मिळतंय का बघितलं. काबऱ्याचे श्वास लांब लांब होत गेले. उन्हं ओट्यावरून अंगणात उतरली तेव्हा भिकुबाई पुढच्या श्वासाची वाट बघत होती. मग तिला कळलं की ती उगाच वाट बघतेय.

कौतिक रिकामी गाडी घेऊन आला, तेव्हा पाय कामट्यांत नीट बांधलेला आणि कुत्रा मेलेला. बैलांचे कासरे हातातच होते. त्यानं आधी बायकोच्या हातांकडे पाहिलं. सवयच ती.

"कोनी दिनं?" तो म्हणाला.

भिकुबाईला सांगायचं तर नव्हतं, आणि झाकायचंही नव्हतं. तिनं फक्त सासूकडे बघितलं.

"दोन्हीसनी," झुंबरबाई म्हणाली. जमिनीकडे बघून.

"दोन्ही दाव," भिकुबाई म्हणाली. "याले बी. मना सुपडूले बी."

एक बैल मान झटकून दावणीकडे निघाला, कासरा हातातून सुटला, तरी कौतिकनं पाहिलं नाही. कुदळ घेतली, काबऱ्याला धोतरात गुंडाळून खांद्यावर घेतलं, आणि बांधाची वाट धरली.

निंबाखाली खड्डा खणून होईपर्यंत लोटन आबाही आला, दोन-चार गडी आले, प्रमिलाबाई आली. पुरायच्या जिवाला मीठ घालतात आपल्याकडे. सुपडूच्या वेळी मीठ पुरुषांनी नेलं होतं, आणि झुंबरबाईनं ते मडक्यातून काढून देताना आईला मडक्याजवळ येऊ दिलं नव्हतं. आता म्हातारी गुडघे धरत, अडखळत, शेवटी बांधावर पोचली, तेव्हा तिच्या कडेवर अख्खं मडकं होतं. ती माणसांतून पुढं आली आणि तिनं ते भिकुबाईच्या समोर ठेवलं.

"टाक," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तू टाक, पोरी. तुना हात जड नही. मना शे."

भिकुबाईला वाटलं होतं, हे शब्द कधी ऐकू आले तर छातीवरचा धोंडा उतरेल. तो उतरला नाही. दोन जीव गेल्यावर आलेला न्याय आता कुठं ठेवायचा, तेवढंच तिला कळेना. तिनं मडकं उचललं, मूठ घातली नाही, सरळ खड्ड्यावर उपडं केलं, आणि तळाला चिकटलेलं मीठसुद्धा बोटांनी खरवडून काबऱ्यावर टाकलं. मग माती ओढली.

दिवेलागणीला तिनं भाकरी थापल्या आणि वरण केलं. घरात मिठाचा खडा नव्हता. शेजारून आणावा असं कुणी म्हटलं नाही. तिघं जेवायला बसली. कौतिकनं पहिला घास तोंडात घातला आणि मान खाली घातली. झुंबरबाईनं भाकरी कुस्करली, वरणात कालवली, घास घेतला आणि चावत राहिली. भिकुबाई तिच्याकडे बघत होती. म्हातारीनं पान स्वच्छ केलं, आणि मीठ मागितलं नाही.